दोनशे पंचावन्न वाण

सुकरी आजीचा भात पडद्यावर एकदाच दिसत होता आणि बुधीचा दोनदा. तिथून सगळं बिनसलं.

जव्हारच्या सभागृहात देशी भाताच्या वाणांचं प्रदर्शन भरलं होतं. मोखाड्याच्या पाड्यापाड्यांवरून बाया बियाण्याच्या पुरचुंड्या घेऊन जीपने आल्या होत्या. प्रदर्शन भरवलं होतं शाळेतल्या प्रतिभा मॅडमनी, आणि पडद्यावरचा कारभार होता रविनाकडे. रविना मोखाड्याचीच. नाशिकला वेबसाइट बनवायला शिकून आली होती आणि हे तिचं पहिलं स्वतंत्र काम होतं. ते नीट पार पडलं तर जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांतल्या वाणांची कायमची नोंदवही तिनंच बनवायची, असं मॅडमनी कबूल केलं होतं. सकाळपासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

तिच्या पानावर आधीपासून काहीच मांडलेलं नव्हतं, हीच तर त्याची गंमत. बाईनं येऊन आपलं नाव आणि भाताचं नाव सांगायचं, रविनानं बटण दाबायचं, की त्याच क्षणी पडद्यावर एक नवं कार्ड तयार व्हायचं. वर बाईचा फोटो, खाली वाण. सुकरी आजी पहिल्या जीपने आलेली, म्हणून पहिला मान तिचा. ‘सुकरी, कोळपी’ असं कार्ड उमटलं तेव्हा बायांनी टाळ्या वाजवल्या आणि आजीनं पदर सारखा केला.

मग बुधी आली. तिची दोन कार्डं उमटली. रविनाला वाटलं, बटण दोनदा दाबलं गेलं असेल. पण पारूची चार आली आणि चैतीची आठ.

आजी लॅपटॉपजवळ येऊन उभी राहिली. “मी सगल्यांच्या आधी आलू,” ती शांतपणे म्हणाली, “ना माझाच एक?”

रविना लॅपटॉपमध्ये चूक शोधू लागली, पण बायांना तोवर हिशेब उमगला होता. जी मागून येईल तिला दुप्पट. झालं, रांग उलटी फिरली. ज्या मघाशी कोपरानं वाट काढत पुढे येत होत्या, त्या आता एकमेकींना मोठ्या मनानं पुढे सारू लागल्या. एकीला तहान लागली, दुसरीची चप्पल सापडेना. मॅडमनी दामटून आणखी तिघींची नोंद करून घेतली. शेवटी काशीबाई सापडली. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे भानगड तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. रविनानं बटण दाबलं आणि एकशे अठ्ठावीस काशीबाया पडदाभर पसरल्या.

नेमके त्याच वेळी पाहुणे दारात आले. भातावर तीस वर्षं संशोधन केलेले साहेब होते ते. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा झळकत होता : ‘एकूण वाण २५५’. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा आकडा पाहिला आणि व्यासपीठावर जाऊन हार घालून घ्यायच्या आधीच माइक हातात घेतला. एका डोंगरपट्ट्यात एवढे वाण आपण जन्मात पाहिले नाहीत, ही बातमी उद्या राज्यभर जायला हवी, असं ते म्हणाले. नुसतं म्हणाले नाहीत, तर खिशातून फोन काढून त्यांनी ओळखीच्या पत्रकाराचा नंबर शोधायला घेतला.

इकडे रविनाला चूक सापडली. ‘नवी नोंद आली की कार्ड बनव’ हा हुकूम तिनं पानाला दिला होता, पण चुकून प्रत्येक कार्डालाही दिला होता. त्यामुळे नवी बाई आली की पान एक कार्ड बनवायचं आणि आधीचं प्रत्येक कार्डही एकेक बनवायचं. घरी तिनं एकच नोंद करून पाहिली होती, म्हणून हे कळलंच नाही. तिनं ती ओळ कार्डातून काढून टाकली.

“खरे किती आहेत?” मॅडमनी हळूच विचारलं.

“आठ.”

भाषण तरी होऊन जाऊ दे, मग सांगू, असं मॅडमचं मत पडलं. पण फोन साहेबांच्या कानाला लागला होता. रविनानं पान नव्यानं उघडायला टाकलं, ती तरातरा व्यासपीठावर गेली आणि माइकवर सांगून मोकळी झाली, की वाण आठच आहेत, बाकीची चूक माझी. पडद्यावरची गर्दी गेली आणि आठ कार्डं तेवढी उरली. साहेबांनी फोन खाली घेतला. नोंदवहीचं काम गेलं, हे रविनानं मनात धरूनच टाकलं.

“आठ कशी?” मागून सुकरी आजीचा आवाज आला. “माझीच पाच हायत.”

“मग सांगितलं का नाही, आजी?”

“तू एकच इचारला.”

आजीनं पुरचुंडी टेबलावर सोडली. आत आणखी चार पुरचुंड्या. मग बुधीनं तीन काढल्या, चैतीनं चार. प्रत्येकीनं घरून जमेल तेवढं आणलं होतं आणि फॉर्ममध्ये जागा एकच, म्हणून एकच नाव सांगितलं होतं. रविना धावत लॅपटॉपकडे गेली. तिनं ‘आणखी एक वाण’ असं बटण जोडलं, दाबलं की नवा रकाना उघडेल असं. या वेळी तिनं ते चारदा तपासलं. पडद्यावर कार्डं एकेक करून उमटू लागली. राजगुड्या, झिनी, लाल कुडई, डांगी. वीस झाली, तीस झाली. पुन्हा रांग लागली, ती मात्र आता पुढे सरकणारी. एका लॅपटॉपला ती आवरेना, तेव्हा साहेब आपला हार टेबलावर तसाच सोडून खाली उतरले, त्यांनी आपला लॅपटॉप उघडला आणि रविना सांगेल तसं टाइप करायला बसले. जेवण तयार असल्याचा निरोप दोनदा आला, कुणी हललं नाही.

आकडा सत्तेचाळीसवर गेला तेव्हा रांग संपली. मॅडमनी रविनाच्या पाठीवर हात ठेवला आणि नोंदवहीला कधी सुरुवात करतेस, एवढंच विचारलं. साहेब मात्र अजून खुर्चीतच होते. थोडं घुटमळून ते सुकरी आजीला म्हणाले, “आमच्या आईकडेही एक वाण होता, लहानपणी पाहिलेला. तोही लिहू का?”

आजीनं त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“बी आनलाय?”

“नाही हो. आता कुठे मिळणार?”

“मंग नाय,” आजी म्हणाली आणि आपल्या पुरचुंड्या मोजून बांधायला लागली.