सनदच्या कॅम्पातला कौल

साहेब, तुमचं नाव मी घेणार नाही. पण आरोप तुमच्यावर आहे आणि तो तोंडावर करतो. कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं हे ठरवायचा पगार तुम्ही घेता. ते काम तुम्ही रात्ररात्र झोप नसलेल्या चार माणसांच्या गळ्यात मारलंत, आणि वर अट घातलीत की चौघांचं एकमत हवं. चार मराठी माणसं आणि एकमत. हुकूम टाइप करवताना तुम्हाला हसूसुद्धा आलं नाही.

हुकूम आला तो एकोणऐंशी सालच्या ऑगस्टात. बहरैनमध्ये सनद गावाच्या बाजूला कंपनीचा कॅम्प होता, पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा आणि मधे एक हॉल. साठेक माणसं त्या हॉलमध्ये जेवायची आणि उन्हाळ्यात दुपारी तिथंच आडवी व्हायची, कारण खोल्यांना एसी नव्हता, हॉलला होता. म्हणजे होता असंच म्हणायचं. रमजानच्या सुरुवातीला तो एकदा खोकला आणि गप्प झाला. तेव्हापासून कॅम्प झोपला नव्हता. समुद्रावरून ओली वाफ यायची, चादरी पिळून निघायच्या, माणसं गच्चीवर, वाळूवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन पडायची आणि अर्धवट डोळ्यांनी कामावर जायची. मिस्त्री भिंत बांधता बांधता डुलकीत गावच्या विहिरीवर जाऊन यायचे. ड्रायव्हर सिग्नलला थांबून बायकोशी बोलायचे.

कॅम्प मॅनेजर होता विलास. गिरगावातला, गोड बोलणारा. एसीचं विचारलं की म्हणायचा, "होऊन जाईल, इंशाल्ला." त्याच्या स्वतःच्या खोलीतला एसी मात्र झकास चालू होता, आणि त्या खोलीवरून जाताना खिडकीखालून टपटपणारं गार पाणी माणसं पायावर घ्यायची. विलासचा करार संपत आला होता, आणि त्याला ठेवायचं की काढायचं हाच तो हुकूम होता. तो पुढं वाढला तर त्याच्या बायकोला, स्मिताला, व्हिसा मिळणार होता. शहरात गुदैबियाला दोन खोल्या बघून त्यानं मालकाला शब्दसुद्धा दिला होता. लग्न होऊन चार वर्षं, त्यातली तीन इकडं. स्मिताचा आवाज आता त्याला तिच्या पत्रांच्या अक्षरातून आठवावा लागायचा.

चौघांची कमिटी शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये बसली. अध्यक्ष शिरीष, अकाउंट्समधला, पुण्याचा. त्यानं समोर कागद घेऊन शंभर मार्कांचे दहा रकाने पाडले.

"पहिला रकाना, वक्तशीरपणा," शिरीष म्हणाला.

"काढा त्येला," कऱ्हाडचा तुकाराम सुतार म्हणाला.

"तुकाराम, आपण अजून मार्कांवर आहोत."

"मार्क तुमी घाला. मी निक्काल सांगितला. म्हैना झाला, घाम पुसून पुसून माझ्या टावेलाला भोकं पडली, आन् त्यो तिकडं रग पांघरून झोपतोय."

रत्नागिरीकडचा मुख्तार, पाइपफिटर, भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. तो डोळे न उघडता म्हणाला, "माझं पण तेच. खलास करा."

"मी म्हणतो ठेवावा," शिरीष म्हणाला. कारण त्यानं सांगितलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. मॅनेजर गेला तर नवा येईपर्यंत कॅम्पाचा चार्ज अध्यक्षाकडं जाणार होता, आणि एसीच्या शिव्याही.

उरला शंभू. कुडाळकडचा, क्रेनवाला, घराणं गुरवाचं. "माझो बापूस गेलो तेवा ह्या इलासान माका दुसऱ्या सकाळच्या इमानात बसवल्यान. माझो पासपोर्ट कंपनीच्या हापिसातसून तेनाच भांडान आणल्यान. मी काय तेच्यावर हात उचलूचंय नाय."

दोन आणि दोन. संध्याकाळपर्यंत दोन आणि दोनच. मधे शिरीषनं तडजोड म्हणून सत्तेचाळीस मार्क सुचवले. तुकारामानं विचारलं, सत्तेचाळीस मार्कांत माणूस विमानाच्या आत असतो का बाहेर. शिरीषनं सत्तेचाळीस खोडले.

शेवटी शंभूच म्हणाला, "देवाक इचारूया."

हॉलच्या भिंतीवर शंभूच्या गावच्या देवाचा फोटो होता, काचेच्या चौकटीतला. कोकणात घर बांधायचं, पोरगी द्यायची, भावाशी बोलणं टाकायचं, तर देवाला कौल लावतात. पाषाणाला पाण्यानं पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. देव सांगतो, भांडण मिटतं.

"पाषाण कुठाय? ही तर काच हाय," तुकाराम म्हणाला.

"देव आत आसा मा? मग काच काय नि फातर काय."

मुख्तार एक डोळा उघडून म्हणाला, "तुमचा देव सांगेल ते मला कबूल. पण मागून फिरवाफिरवी नको."

जनाबियात कंपनीच्या एका बंगल्यात तुकारामाचं कपाटाचं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या कण्हेरीची दोन फुलं तो डब्यातून घेऊन आला. कामावरून आलेला सगळा कॅम्प हॉलात जमला. शंभूनं अंघोळ केली, दोन पाकळ्या ओल्या केल्या, एक देवाच्या उजव्या खांद्यावर लावली, एक डाव्या. मग हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, समिंदराच्या पल्याड ह्या सनदच्या क्यांपात तुझी लेकरा तुका हाक मारतत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," कोकणवाले म्हणाले.

"हयचो म्यानेजर इलास ठेवचो काय काढचो, हेचो निवाडो आमच्यान होणा नाय रे म्हाराजा. ठेवचो आसलो तर उजवी दी, काढचो आसलो तर डावी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी तुकाराम आणि मुख्तारही म्हणाले. शिरीष जरा मागून म्हणाला आणि इकडं तिकडं बघितलं.

"आणि काय तां बेगीन दी रे म्हाराजा, हय लय उकाडता."

"व्हय म्हाराजा," सगळा कॅम्प म्हणाला. एवढं एकमत त्या हॉलनं कधी ऐकलं नव्हतं.

पाकळ्या पडल्या नाहीत. तासभर बघितलं, जेवणं झाली, तरी नाहीत. कुडाळात पाणी सुकतं आणि पाकळी सुटते. बहरैनच्या ऑगस्टात पाणी सुकतच नाही. वाफेनं पाकळ्या काचेवर टपालाच्या तिकिटासारख्या बसल्या. पंखा लावायची सोय नव्हती, कारण पंखा डाव्या बाजूला होता आणि वारा पक्षपात करील असं शिरीषनं लेखी मांडलं. दार आपटायचं नाही, कॅरम खेळायचा नाही, शिंक आली तर बाहेर जाऊन द्यायची. ज्या हॉलात आधी नुसता एसी नव्हता, तिथं आता वारासुद्धा बंद झाला.

आणि मग ते विचित्र दिवस सुरू झाले. पहाटे धुक्यातून माणसं उठून यायची, काचेपुढं उभी राहायची आणि उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची. कुणाला वाटायचं देवानं पापणी हलवली. एका प्लंबरला फोटोतून समुद्राची गाज ऐकू आली. कॅम्पात उजवेवाले आणि डावेवाले असे दोन पक्ष पडले, ते एका ताटात जेवेनात, पण भांडायलाही कुणाला जोर नव्हता. झोपेत भांडावं तसे ते भांडायचे, अर्धं वाक्य बोलून विसरायचे.

विलासला कळलं होतंच. तोही यायचा. तोंडावर हात धरून, श्वास बाजूला सोडत, उजव्या पाकळीकडं लग्नाच्या मुलीकडं बघावं तसं बघायचा.

"शंभूभाऊ, उजवीची कड जरा सुटल्यासारखी वाटते का हो?"

"सांगूक येना नाय. देव निजलो हा."

"देवाला झोप लागते इथं? कमाल आहे," विलास म्हणाला आणि लगेच घाबरून हात जोडले.

हेड ऑफिसला गुरुवारी उत्तर द्यायचं होतं. बुधवारी कमिटी पुन्हा बसली. बसली म्हणजे एकमेकांना टेकली.

मुख्तार म्हणाला, "हवा कोरडी झाल्याशिवाय हे सुटणार नाय. एसी चालू करा, दोन तासांत निकाल."

"एसी कोन चालू करनार?" तुकारामानं विचारलं.

"मॅनेजर."

तुकारामानं कपाळावर हात मारला. "आरं, त्यानं एसी चालू केला असता तर ह्यो कौल लावलाच कशाला असता?"

शिरीषनं पेन ठेवलं. "म्हणजे मॅनेजरनं काम केलं की नाही हे कळण्यासाठी आधी मॅनेजरनं काम करायला हवं."

"तां देवाक पैलाच कळला आसतला," शंभू म्हणाला.

विलासला बोलावलं. तो दारातच उभा राहिला. "हॉलच्या मशीनचा कॉम्प्रेसर गेलाय. मी तीनदा वर सांगितलं, तीनदा मनामाला हेड ऑफिसात जाऊन उभा राहिलो. साहेबांची सही होत नाही. ते म्हणतात, बघू."

"मग आमाला का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू, तुकारामभाऊ? मॅनेजर म्हणून माझं कुणी ऐकत नाही, हे? त्यापेक्षा होऊन जाईल म्हणणं बरं."

हॉलात माणसांचा घाम ठिबकत होता. विलासनं काचेकडं बघितलं. एसी आला तर पाकळी पडणार, आणि डावी पडली तर स्मिताचा आवाज कायमचा पत्रातच राहणार. एसी नाही आला तर उद्या एकमत नाही, म्हणजे तसंही काही नाही.

"माझ्या खोलीतला काढा," तो म्हणाला.

गुरुवारी दुपारची सुट्टी झाल्या झाल्या कमिटीच्या चौघांनी तो एसी खिडकीतून उपसला आणि खांद्यावर घेतला. पांढऱ्या उन्हात वाळू हलत होती, त्यातून ते धूड संथ डुलत निघालं, मागून साठ माणसं. कुणीतरी झांज असल्यासारखी थाळी वाजवली. शिरीषच्या बुटात वाळू गेली, पण त्यानं खांदा सोडला नाही. तुकारामानं हॉलच्या खिडकीला लाकडी चौकट ठोकली, मुख्तारनं पाण्याची नळी काढून दिली, आणि एसी सुरू झाला.

पहिला गार झोत आला तेव्हा एक म्हातारा गवंडी "आई" म्हणाला आणि खाली बसला. मग शेजारचा बसला. मग सगळे. ठरलं होतं असं की चौघांनी काचेवर नजर ठेवायची. शिरीष खुर्चीत होता, तो आधी गेला. तुकाराम भिंतीला टेकून. शंभू जोडलेल्या हातांनी. उजवेवाले डावेवाल्यांच्या पोटावर डोकं ठेवून झोपले. महिनाभराची झोप त्या हॉलात भरती येते तशी चढत गेली, आणि घोरण्याचा असा एक सूर लागला की वाटावं, सनदचा कॅम्प नावाची एक मोठी होडी नांगर सोडून कुठंतरी चालली आहे.

जाग आली तेव्हा उन्हं तांबूस झाली होती. काच स्वच्छ होती. दोन्ही पाकळ्या खाली पडल्या होत्या, वाळून कागद झालेल्या.

"आदी खंयची पडली?" शंभूनं विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. एकटा विलास जागा होता, दाराशी उकिडवा बसलेला. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. साठ माणसं आणि एक कमिटी, आणि मॅनेजरचा निकाल सांगायला शिल्लक फक्त मॅनेजर.

विलास उठून उभा राहिला. "डावी," तो म्हणाला. "देवाच्या समोर आहे, खोटं कसं बोलू. डावी पडली. उजवी मागून बऱ्याच वेळानं."

तुकाराम त्या एसीकडं बघत होता. मॅनेजर गेला तर नवा मॅनेजर येणार, आणि हे यंत्र त्याच्या खोलीत परत जाणार. पण तेवढंच नव्हतं. हा माणूस स्वतःच्या विरुद्ध खरं बोलला होता.

"उजवी पडली," तुकाराम म्हणाला. "म्या बघितली."

"तुम्ही घोरत होता," शिरीष म्हणाला.

"घोरत घोरत बघितली. सपनात. देव सोता आला, उजवी पाकळी हातात दिली, म्हनला, तुकाराम, ठेवा ह्येला."

मुख्तार म्हणाला, "मला पण स्वप्न पडलं. देव ओळखीचा नव्हता, पण पाकळी उजवीच."

मग एकेकाला आठवू लागलं. गवंड्याला, प्लंबरला, डाव्या पक्षाच्या म्होरक्याला. शिरीषनं चष्मा पुसला आणि म्हणाला की स्पष्ट असं नाही, पण उजवीकडं काहीतरी हललं होतं.

आता प्रश्न शंभूचा होता. तो घामाघूम झाला, एसीतसुद्धा. देव दिसला म्हणणारी साठ माणसं एकीकडं, पडलेला कौल एकीकडं, आणि मधे गुरवाचा पोर. विलासला ठेवावं असं त्याचंच मत होतं, आणि म्हणून त्याला बोलवत नव्हतं. तो फोटोपुढं जाऊन उभा राहिला.

"कौल देव उभ्यान देता," तो शेवटी म्हणाला. "दृष्टांत देव सपनात सोता चलत येवन देता. चलत इलो तो मोठो."

"व्हय म्हाराजा," शिरीष म्हणाला. या वेळी सगळ्यांच्या आधी. चौघांनी त्याच संध्याकाळी सही केली, ठेवा म्हणून.

साहेब, त्यावर तुमचं उत्तर आलं ते विलासला. परवानगीशिवाय कंपनीचा एसी हलवला, खुलासा द्या. आणि तपासणीला तुम्ही स्वतः आलात, दुपारी, टाय लावून. हॉलच्या दारात उभे राहिलात. आत माणसं निजली होती. तुम्ही विलासला काहीतरी विचारायला तोंड उघडलंत आणि ते जांभईत गेलं. तुमच्या घरी तीन खोल्यांना एसी होता, झोप मात्र तुम्हाला बरेच दिवस नसावी. एक मिनिट टेकतो म्हणालात, गवंड्यानं सरकून जागा दिली, आणि तुम्ही बूट घालूनच झोपलात. कुणी उठवलं नाही. उठलात तेव्हा गालावर चटईचे वळ होते. चहा दोनदा मागून घेतलात, फोटोला नमस्कार केलात आणि गाडीत बसून निघून गेलात.

त्याला आता महिना होत आला. खुलासा तुम्ही परत मागितला नाहीत. विलासच्या कराराची सहीही पाठवली नाहीत. विलास रोज टपाल बघायला गेटपर्यंत जातो आणि परत येतो. कमिटीनं सांगायचं ते सांगितलं, देवानं सांगायचं ते सांगितलं. आता स्मितानं विमानाचं तिकीट काढायचं की नाही, उत्तर द्या.