वाळूच्या हौदाशेजारचं अस्वल

"महिनाभर थांब. माझ्या सहा वर्षांच्या पोरांना जगातलं एकही चित्र फसवणार नाही," हेलेवीनं बालवाडीच्या मुख्य बाई अन्नुक्काला छातीठोकपणे सांगितलं होतं. हेलेवीची नोकरी कायम करायची की नाही, ते अन्नुक्का शुक्रवारी ठरवणार होती.

खोटं चित्र कसं बनतं ते पोरांना कळावं, म्हणून गुरुवारी तिनं त्यांना कोलाजला बसवलं. बालवाडीच्या अंगणाचा मोठा फोटो घ्यायचा आणि त्यावर मासिकांतून कापलेली चित्रं चिकटवायची. छोट्या वेन्लानं शिकारीच्या मासिकातलं अस्वल वाळूच्या हौदाशेजारी असं बेमालूम बसवलं, की हेलेवीनं कौतुकानं त्याचा फोटो काढला, खाली 'वेन्लाचं कोलाज' लिहून पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि गोंदाचे ब्रश धुवायला गेली.

तिथून त्या अस्वलाला पाय फुटले! एका बापानं खालची ओळ वाचलीच नाही, फोटो तेवढा पुढे धाडला. दिवस एप्रिलचे, बर्फ अजून वितळायचं होतं, अस्वलं हिवाळाभराच्या झोपेतून नुकती उठलेली, कुंपणापलीकडे जंगल. शंका घेतो कोण? पंधरा मिनिटांत गावभर बोभाटा झाला. फाटकाशी दोन ट्रॅक्टर आले, आणि शिकारी मंडळाचा म्हातारा एइनो कुत्र्यासकट हजर झाला.

अन्नुक्कानं मोबाइल हेलेवीच्या नाकासमोर धरला. "अंगणात अस्वल आलंय. पोरं मोज."

हेलेवीची पाचावर धारण बसली. फोटो तिनंच काढलेला, पण घाबरल्यावर ओळखतंय कोण! तिनं पोरं मोजली. सतरा. पुन्हा मोजली. सतराच. अठरावी वेन्ला कुठाय?

लोकरी मोज्यांवरच ती बर्फातून धावत सुटली.

वेन्ला फाटकाशी उभी राहून कुत्र्याचे कान खाजवत होती. कुत्रा बघायलाच ती गुपचूप बाहेर सटकली होती.

"आजोबा, हे खोटंय," एइनोच्या मोबाइलवर बोट ठेवून ती सांगत होती. "अस्वलाच्या पायाशी ब्लूबेरी पिकल्यात. बर्फात कुठं पिकतात होय? आणि कानाशी गोंद दिसतोय. मीच चिकटवलंय ना."

एइनोनं चष्मा वर केला, खाली केला. "चाळीस वर्षं अस्वलांच्या मागे फिरतोय," तो पुटपुटला, "आणि मला ब्लूबेरी दिसली नाही."

हेलेवीनं पोरीला उचलून घट्ट कवटाळलं. सुटले बाई एकदाची! मोजे भिजून चिंब झालेत, याचंही तिला भान नव्हतं.

मागून आलेल्या अन्नुक्कानं सगळं ऐकलं होतं. "पोरं तयार झालीत. तुझी नोकरी कायम."

हेलेवीला रडूच फुटलं.

"सोमवारी हाच धडा गावातल्या मोठ्या माणसांसाठी ठेवू," अन्नुक्का म्हणाली. "एइनोलाही बोलावू."

"घेते की. अगदी आनंदानं घेते."

"तू नाही गं, वेन्ला घेईल. आपण दोघी खाली सतरंजीवर बसायचं."