पदरचं अक्षर

गंधेमास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्याच दुकानापुढं, माझ्याच स्टुलावर चढून, माझ्याच पाटीवरचा रंग ब्लेडनं खरवडत होते.

सावेडीतल्या माझ्या एसटीडी-फॅक्सच्या दुकानात मी नुकताच संगणक बसवला होता आणि हौसेनं नवी पाटी रंगवून घेतली होती, 'भिंगारदिवे ई-मेल सेंन्टर'. मी तावातावानं बाहेर गेले. मास्तरांनी खाली न बघताच मला समजावलं की अनुस्वार दिला असेल तर पुढं अर्धा 'न' कशाला, आणि अर्धा 'न' हवा असेल तर अनुस्वार कशाला.

"एका जागेवर दोन माणसं नेमलीत तुम्ही, बाई. एकाला कमी केलं."

मग ते उतरले, स्टूल जागेवर ठेवलं, ब्लेड कागदात गुंडाळून खिशात घातलं आणि खोकत खोकत निघून गेले. तो खरवडलेला पांढरा ठिपका माझ्या पाटीवर शेवटपर्यंत राहिला.

सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी उभ्या जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. नगरातल्या एका छापखान्यात तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. खोकला तिथलाच, छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या धुळीचा. लग्न केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते आणि आई राहायचे. आई दोन वर्षांपूर्वी गेली, एवढं शेजारच्यांकडून कळलं. छापखान्यात संगणक आला तेव्हा मालकांनी विचार केला की यंत्र काही चुका करत नाही, मग चुका काढणारा माणूस पोसायचा कशाला. मास्तर घरी बसले. पुढच्याच महिन्यात तिथून एक पत्रिका छापून निघाली, तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाद' असं होतं. ती पत्रिका मास्तरांनी जपून ठेवली होती आणि ओळख झाली की दुसऱ्या भेटीत ते ती दाखवत.

"मजकूर पुढं खरा ठरू शकतो," ते म्हणायचे, "पण मूळ प्रतीत तो नव्हता."

मूळ प्रत हे मास्तरांचं दैवत. भाजीवाल्याच्या पाटीवरचं 'मेथि' ते लाल शाईच्या पेनानं दुरुस्त करत, पण तिच्यापुढं 'ताजी' असं एक अक्षरही वाढवत नसत, मेथी ताजी असली तरी. "वेलांटी माझी, मजकूर तुमचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपण पदरचं अक्षर घालायचं नाही. लेखक वेडा असला तर वेडा छापायचा, फक्त शुद्ध छापायचा.

असा माणूस ई-मेलच्या दुकानात रुळला, त्याला कारण आमची पोरंच. आमच्या भागातली मुलं नोकरीसाठी पार कुठं कुठं गेली होती. तिकडून ती ई-मेल करायची, मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत, कारण यंत्राला आपली अक्षरं यायची नाहीत. इकडे त्यांचे आईबाप माझ्याकडून कागद छापून घ्यायचे आणि पत्र उलटं धरलंय की काय अशा चेहऱ्यानं बघत बसायचे. ज्यांना इंग्रजी येत होतं त्यांना ते मराठी कळायचं नाही आणि ज्यांना मराठी येत होतं त्यांना ती अक्षरं.

एकदा एक निवृत्त हेडक्लार्क असेच हैराण होऊन बसले होते. सिंगापूरच्या मुलीनं लिहिलं होतं, 'Mala dole lagle ahet. Ithe kairi milat nahi.' डोळे लागले म्हणजे काय, डोळे आले की नजर लागली, यावर घरात दोन दिवस खल चालला होता आणि ते डोळ्यांत घालायचे थेंब पार्सल करायला निघाले होते. मास्तर फॅक्सच्या कागदावर कुणाची तरी वेलांटी बघत उभे होते. त्यांनी तो कागद घेतला, भिंग लावलं आणि दोन्ही वाक्यं तीनदा वाचली.

"डोळ्यांचा आणि कैरीचा संबंध नाही. 'ह' गळलाय, हे डोहाळे आहेत," ते म्हणाले. "अभिनंदन."

हेडक्लार्क तिथंच रडायला लागले. मास्तरांनी 'डोहाळे' शुद्ध लिहून कागद त्यांच्या हातात दिला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या कोपऱ्यातलं स्टूल त्यांचं झालं. लोक पत्र छापून घेत आणि मास्तरांपुढं रांगेत बसत. ते प्रत्येकाला सुवाच्य देवनागरीत उतारा करून देत. उत्तरं लोक त्यांना सांगत, ते लिहून घेत, आणि मी ती इंग्रजी अक्षरांत टाईप करायची. पाठवण्याआधी मास्तर आपला कागद पडद्याशेजारी धरून ओळ न् ओळ ताडून बघत. तेव्हा त्यांचा चेहरा दात काढून घेणाऱ्या माणसासारखा व्हायचा.

यंत्राला हात ते लावत नसत. पण एकदा छापण्यासाठी मी एक पत्र दुसऱ्या फाईलीत उतरवलं आणि त्या इंग्रजी अक्षरांतल्या प्रत्येक मराठी शब्दाखाली यंत्रानं लाल नागमोडी रेघ मारली. मास्तर कितीतरी वेळ बघत राहिले.

"यालाही पटत नाही," ते म्हणाले. तेव्हापासून ते संगणकाला 'अहो' म्हणायला लागले.

शनिवारी दुपारी गयाबाई यायच्या. मूळच्या खर्ड्याकडच्या. मुलगा बाळू मस्कतला वेल्डर, त्यानं सावेडीत जिना चढून जायची एक खोली घेतली होती, तिथं त्या एकट्या राहायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. बाळूचं पत्र आठवड्याला एक, मित्राच्या ऑफिसातून घाईघाईत केलेलं आणि दरवेळी तेच: 'Namaskar. Mi thik. Kam khup. Ushna khup. Phon karto.' फोन काही यायचा नाही. मास्तर उतारा करत, वाचून दाखवत. गयाबाई डोळे मिटून ऐकत, पदराला गाठ मारावी तशी कागदाची घडी करत आणि जात. पाच वाक्यांसाठी बाई एवढा जीव टाकते याचं मला वाईट वाटायचं.

एका शनिवारी मास्तर चहाला गेले असताना गयाबाईंनी नुकताच मिळालेला उतारा माझ्यापुढं धरला. म्हणाल्या, पुन्हा एकदा वाचून दाखव. मी वाचायला लागले. नमस्कार. मी ठीक आहे. काम खूप आहे. उष्णता खूप आहे. फोन करतो. आणि त्याखाली, त्याच सुबक अक्षरात: 'आई, गुडघ्याला रोज तेल लावत जा. जिना चढताना घाई करू नकोस.'

मी अडखळले. हे पत्र सकाळी मीच छापलं होतं, त्यात असं काही नव्हतं. मला आधी रागच आला. एका अनुस्वारासाठी माझ्या पाटीवर ब्लेड घेऊन चढलेला हा माणूस, आणि हा एका अडाणी बाईला खोटं पत्र वाचून दाखवतो. आजच सांगून टाकावं असं मनात आलं.

"थांबलीस का? ती वळ बाळूची न्हाई, मला ठावं हाय," गयाबाईच म्हणाल्या.

मी विचारलं, कशावरून?

"बाळू मला वैनी म्हनतो. घरात चार दीर, समदे वैनी वैनी करायचे, पोराच्या तोंडी तेच बसलं. आई म्हनून त्यानं मला जलमात हाक मारली न्हाई." त्या जरा थांबल्या. "ही आई मास्तरांची हाय. तिचं गुडघं दुखायचं आसंल."

किती दिवस हे चाललंय, मी विचारलं. चार-सहा महिने, त्या म्हणाल्या. मग तुम्ही काही बोलला कशा नाहीत?

"काय बोलायचं? मला बी बरं वाटतं. तू बोलू नगंस त्यांना."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला लाज वाटली ती वेगळीच. मी रोज मास्तरांच्या शेजारी बसत होते, आणि हे अक्षरशत्रू बाईनं कानानं ओळखलं होतं.

मास्तर खोकत आत आले. गयाबाईंनी उत्तर सांगायला सुरुवात केली आणि मास्तर लिहू लागले. इकडं समदं बरं हाय. रूम झाडून ठिवली हाय. सुट्टी मिळाली तर ये. एवढं झाल्यावर मास्तर पेनाचं टोपण लावणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अजून लिवा. खोकल्याकडं असा कानाडोळा करू नको. आल्याचा रस आन् मध घेत जा. तुझी आई."

मास्तरांचं पेन थांबलं.

"त्याच्या पत्रात खोकल्याचा उल्लेख नाही," ते म्हणाले.

"नसंल. लिवा तुमी."

मास्तरांनी लिहिलं. 'नको'चं 'नकोस'ही केलं नाही, जसं सांगितलं तसंच ठेवलं. गयाबाई उठल्या, माझ्याकडं न बघता पायरी उतरून सावकाश निघून गेल्या.

मी टाईप करायला बसले. खोकल्याच्या ओळीपाशी आले आणि ती सोडून दिली. मस्कतमध्ये त्या ओळीचं काही काम नव्हतं. मास्तर नेहमीप्रमाणे कागद घेऊन पडद्याजवळ आले, लाल पेनाचं टोक एकेका ओळीवरून उतरत गेलं आणि शेवटी येऊन थांबलं. एरवी एक मात्रा सुटली तरी ते मला पुन्हा टाईप करायला लावत.

"शेवटचा मजकूर गळलाय," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

मास्तरांनी कागदावर खूण केली नाही. त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी त्या कागदाची चार पदरी घडी घातली, भिंगासकट वरच्या खिशात ठेवली आणि चपला घातल्या. दारापर्यंत गेले, तिथं त्यांना खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत ते चौकटीला धरून उभे राहिले आणि पाठमोरेच बोलले.

"आल्याचा रस सकाळी घ्यायचा की झोपताना, ते मूळ प्रतीत नाही."

"शनिवारी विचारा," मी म्हटलं.