टाचेकडची कमान

वक्र रेषेबद्दल मला कुणी शिकवू नये. माझ्याकडे भौतिकशास्त्राची पदवी आहे आणि संगणकावर हवी ती कमान काढायला मला चार मिनिटं पुरतात. माझे सासरे लूशन मात्र व्हरमाँटमधल्या आपल्या शेडमध्ये तीस वर्षं नुसत्या नजरेने स्नोबोर्ड बनवत आलेत. आणि गावातल्या घरगुती बोर्डांच्या शर्यतीत अकरा वर्षं सलग धाकट्या भावाकडून, आर्मंडकाकांकडून हरत आलेत. हरणाऱ्याने त्या रात्री जिंकणाऱ्याला जेवायला वाढायचं, असा त्यांच्यातला रिवाज. सासरे आता सहासष्ट वर्षांचे. मरण्यापूर्वी एकदा तरी आर्मंडने उठून आपल्याला वाढावं, एवढीच त्यांची इच्छा.

मी त्यांना उतरताना नीट पाहिलं. बोर्डवर आडवं उभं राहतात, एका कडेला पायांची बोटं, दुसऱ्या कडेला टाचा. बोटांवर भार देऊन ते झकास वळत. टाचांवर वळताना मात्र गुडघा कुरकुरे आणि बोर्ड मालट्रकसारखा लांबलचक वळसा घेई. उपाय सोपा होता. टाचेकडची कड जास्त खोल कोरली की बोर्ड आपणहून लवकर वळतो. मी हिशोब करून नऊ मिलिमीटर खोल कमानीचा साचा बनवला.

शेडमध्ये एक नियम आहे. बोर्डाच्या वरच्या बाजूला पेन्सिल लावायची नाही, कारण तिथे सासऱ्यांनी स्वतः तोडलेल्या अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. म्हणून मी बोर्ड पालथा घातला, त्यावर साचा ठेवला, आखलं, कापलं. सुलटा केला तर खोल कमान टाचेऐवजी बोटांकडे!

सासऱ्यांनी हातातली कॉफी संपवली.

"पदवीला किती वर्षं लागली?"

"चार."

"हं."

तो बोर्ड कोपऱ्यात गेला. दुसरा मी साचा उलटा ठेवून कापला आणि तो तंतोतंत आला. इथे थांबायला हवं होतं. पण सासऱ्यांना एकदा उतरवल्यावर मला टाचेकडे अजून दोन मिलिमीटर कमी करावेसे वाटले. ते काढले तर बोटांकडची कड जड वाटू लागली. तिकडचेही दोन काढले. मग पुन्हा टाचेकडचे. शुक्रवारपर्यंत मी इतका रंधा मारला होता की बोर्ड सासऱ्यांच्या बुटांहून अरुंद झाला. बूट दोन्हीकडून बाहेर येतायत, असं ते दोनदा म्हणाले. मी त्यांना आकडे दाखवले.

शर्यतीच्या सकाळी आर्मंडकाकांचा बोर्ड तडकला. माझ्या सासूबाई मनाने मोठ्या. त्यांनी कोपऱ्यातला तो फसलेला बोर्ड काढून दिराच्या हातात दिला.

टाचेवरच्या पहिल्याच वळणाला सासऱ्यांच्या बुटांनी बर्फ नांगरला आणि उरलेला उतार ते बसून खाली आले. आर्मंडकाका तोवर पोचून हातमोजे काढत होते.

सासरे डावा पाय पुढे ठेवतात. आर्मंडकाका उजवा, त्यामुळे त्यांच्या टाचा बोर्डाच्या उलट्या कडेला येतात. म्हणजे माझ्या पहिल्या बोर्डाची खोल कमान त्यांच्या बरोबर टाचेखाली आली होती.

काकांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "जावईबापू, गुडघा माझाही गेलाय, हे एक वेळ ओळखलंत. पण माझा उजवा पाय पुढे असतो, हे कसं हेरलंत?"

सासरे जरा लांब उभे राहून बुटातला बर्फ झटकत होते. झटकायचे थांबले.

"अंदाज," मी म्हणालो.

परतताना मी ट्रकच्या मागच्या उघड्या भागात, बोर्डांशेजारी बसलो. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं.