चिटणीसांच्या धूपपात्रातील राखेची हकीकत

विघ्नहर्त्यास दंडवत, शारदेस दंडवत, वाचणारास आयुष्य चिंतून लिहितो. शके सतराशे एक, विकारीनाम संवत्सरी, एका राज्यात (नाव सांगण्याचा हुकूम नाही) गिरमाजीपंत चिटणीस होते. त्यांचे लेखणीस शत्रू भीत, आणि खरे सांगावे तर धनीही भीत. पंतांचे चौरंगावर चीन देशीचे तीन नग असत: पितळेवर निळ्या मिन्याचे धूपपात्र, तैसीच उदाची डबी, आणि चिमटा-पळी ठेवावयाची इवली सुरई. रोज सकाळी पंतांचे कुटुंब भिवराबाई यांणी पात्रातील राखेत निखारा पुरावा, आणि राख सारखी करून पळीच्या टोकाने रांगोळीतले कासव काढावे, आणि वर उदाचा खडा ठेवावा, मग पंतांनी लेखणी उचलावी. ऐसी सव्वीस वर्षे गेली. मग बाईंस ज्वर भरला आणि तिसरे दिवशी बाई कैलासवासी जाहल्या. शेवटचे कासव राखेत तैसेच राहिले.

त्या दिवसापासोन पंतांनी ऊद जाळिला नाही. झाकण उचलावे, कासव पाहावे, आणि मग खलिता लिहावा. राख उडू नये म्हणोन तोंडास उपरणे धरीत. आम्हां कारकुनांस आधी हसू येई, मग येईनासे जाहले. पुढे दसऱ्यास धनी घरी येणार ऐसा निरोप आला, आणि भांडी घासावयास तानूबाई ठेविली. बाई कामाची वाघीण. तिणे पात्र उघडिले, राख देखिली, चिंच घेतली, आणि त्याच राखेने पात्र घासोन लख्ख केले आणि पंतांपुढे आणून ठेविले.

"बघा पंत, कसं सोन्यावानी दिसतंया! राख बी भाईरनं आनाया लागली न्हाई, आतच व्हती."

पंतांनी झाकण उचलिले आणि फार वेळ आत पाहात राहिले. आम्हांस वाटले, आता बाईची धडगत नाही. पंतांनी तिची चिंचेने सुरकुतलेली बोटे पाहिली आणि म्हणाले, "छान केलेस हो." बाई खुशीत निघोन गेली. मग पंत आम्हांकडे वळोन बोलिले, "सव्वीस वर्षे ती कासव काढीत होती. तिला हे एकदाही म्हणालो नाही." आणि भडभडोन रडले.

इतकीच हकीकत. धनी आले, पात्राची तारीफ करून गेले. राज्य कुशल आहे, चिटणीशी चालू आहे. पंत एकटेच जेवतात.