नारळ फोडायचा राहिलाय

दत्तप्रसादच्या चित्रात फक्त नारळ रंगवायचा उरला होता, आणि नेमका तपकिरी रंग संपला!

दुपारचे दोन वाजले होते. पॉइंट कुक या त्यांच्या परदेशातल्या उपनगराच्या हॉलमधल्या प्रदर्शनासाठी चित्र चारच्या आत पोचवायचं होतं. तेवीस वर्षं आयटीत काढून त्याने तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडली आणि कॉलेजात सुटलेला ब्रश पुन्हा हातात धरला. इथल्या मराठी मंडळात मात्र कुणालाच पत्ता नव्हता. सगळ्यांना वाटायचं, वर्क फ्रॉम होम. चित्र प्रदर्शनात लागलं तरच तो सांगणार होता. नाही लागलं, तर गुपचूप परत लॅपटॉप.

"मयूरा, मी रंग घेऊन येतो. टेबलाला कुणी हात लावायचा नाही. माशीनेसुद्धा!" जाताना त्याने चित्राचं तोंड भिंतीकडे वळवलं.

"नो वरीज, बाबा," लेक म्हणाली.

टेबलावर चित्रासाठी मांडलेली मयूराच्या आईची पैठणी (आई ऑफिसात होती, म्हणून जमलं), तिच्यावर तांब्याचा लखलखीत कलश, पाच केळी आणि शेंडीसकट नारळ. आता तुम्हीच सांगा, मराठी माणसाला काय वाटेल?

आईची मैत्रीण चित्रलेखा मावशी डबा परत द्यायला आली. "ठेव ना आत," म्हणून मयूरा वाजणारा फोन घ्यायला वर पळाली. पाचच मिनिटांत बाहेरून आवाज आला. ठक्क!

मयूरा खाली आली तर मावशी दाराच्या पायरीवर, दोन्ही हातांत एकेक वाटी.

"एवढी सुरेख पूजा मांडलीत आणि नारळ फोडायचाच राहिला! बोलावलंही नाहीत गं. असू दे, मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय."

दत्तप्रसाद परतला तेव्हा दारात अकरा जोड चपला होत्या आणि केळी लोकांच्या तोंडात.

"कसली पूजा, भाऊजी?" मावशीने विचारलं.

खरं सांगावं तर नोकरीचं बिंग फुटणार. "ते... नवीन कामाची."

"प्रमोशन!" सगळे ओरडले आणि ऐसपैस बसले.

"चहा घेणार ना?" दत्तप्रसाद म्हणाला.

"बाबा! आर यू सीरियस?" मयूरा कुजबुजली.

"तोंडातून गेलं गं!"

शेवटची चप्पल हलली तेव्हा तीन पंचवीस झाले होते. नारळाची एक वाटी उरली होती. रंगाची ट्यूब घट्ट धरून दत्तप्रसाद मटकन खाली बसला. भिंतीकडे वळवलेल्या चित्रात नारळाची जागा अजून कोरीच होती.

मयूराने चित्र फिरवलं आणि ती वाटी शेजारी धरली. "बाबा, हा आतून पांढराच आहे की!"

तपकिरी कड, थोडी सावली. दहा मिनिटांत नारळ तयार. तीन बावन्नला चित्र हॉलमध्ये.

आणि चित्र लागलं! शनिवारी अख्खं मंडळ बघायला आलं. मावशीने चित्रातल्या नारळाकडे बोट केलं.

"म्हणजे पूजा नव्हतीच?"

"नव्हती."

"आणि प्रमोशन?"

"नोकरीच नाही, वहिनी. आता हेच."

मावशी शेजारच्या अनोळखी आजोबांकडे वळून अभिमानाने म्हणाली, "दॅट कोकोनट, आय ब्रोक!"

आजोबांनी तिच्याशी हात मिळवला. दत्तप्रसादशी नाही.

"भाऊजी, पुढच्या रविवारी आमच्याकडे खरी पूजा आहे. मांडणी तुम्हीच करायची हं."

"करतो की," दत्तप्रसाद म्हणाला. "पण मी ब्रश खाली ठेवेपर्यंत नारळाला हात लावायचा नाही!"