श्रुतिकाचं पंपवालं मेडल

श्रुतिकाच्या दम्यासाठी डॉक्टर निशा मॅडमनी रोज घ्यायचा पंप लिहून दिला आणि त्यात स्टिरॉइड असतं असं सांगितलं, तेव्हा जयवंतने फक्त तेवढा एकच शब्द ऐकला. त्यापुढे मॅडम जे काही बोलल्या ते त्याची बायको दिशा ऐकत होती. (घरात एकाने ऐकलं की पुरे, असं त्याचं मत.)

जयवंत म्हणजे घाटकोपरच्या भटवाडीतला जुना व्यायामशाळावाला. ऐन उमेदीत एका शरीरसौष्ठव स्पर्धेत तो दुसरा आला होता आणि पहिला आलेला गडी सुया टोचून फुगलेला होता, हे तो आजही जेवताना सांगतो. तेव्हापासून त्याच्या लेखी स्टिरॉइड म्हणजे चोरी. आणि आता ती चोरी स्वतःच्या आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडात!

"अगं, तिला मिशा फुटल्या तर?"

"तुझा रेझर देऊ," दिशा म्हणाली. "मॅडम बोलल्या ना, हे स्टिरॉइड वेगळं. डोस एवढासा, तोही थेट छातीत. पंपाला हात लावलास तर तुझीच वाट लावेन."

जयवंतने पंपाला हात लावला नाही, पण पाळत सुरू केली. पंप घेऊन श्रुतिका चूळ भरायला गेली की हा मागून जाऊन तिचा दंड चाचपायचा. एकदा तिने लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं, जे त्याच्याने उघडलं नव्हतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. जिन्यात दर मजल्यावर बसणारी पोर आता धावत वर यायची. "दम लागता काय गो?" तो आशेने विचारायचा. ती नाही म्हणायची आणि तो आणखी घाबरायचा. शेवटी त्याने मनाशी ठरवलं, सोसायटीच्या शर्यती झाल्या की पंप बंद.

दरवर्षी शर्यतीच्या वेळी श्रुतिका कडेला बसून इतर मुलांच्या चपला सांभाळायची. यंदा पहिल्यांदाच ती धावणार होती. जयवंत वडापाव आणायला गेला (कमिटी त्याला दुसरं काम देत नाही) आणि परत येऊन बघतो तर लेकीच्या गळ्यात मेडल!

त्याची छाती फुगली, आणि लगेच तो सुयावाला गडी आठवला. पिशवी खाली ठेवून तो स्टेजवर चढला आणि माइक हातात घेतला.

"मंडळी, माझी मुलगी स्टिरॉइडवर आहे. हे मेडल परत घ्या!"

दिशाने कपाळाला हात लावला. प्रमुख पाहुण्या म्हणून निशा मॅडमच बसल्या होत्या. त्या उठून आल्या.

"अहो, त्या औषधाने दंड फुगत नाहीत. श्वासनळीची सूज उतरते. बंद केलंत तर पोर पुन्हा धापा टाकत बसेल."

"मग हे मेडल?"

"ते शर्यत पुरी करणाऱ्या सगळ्यांना दिलंय. तुमची श्रुतिका शेवटची आली."

शेवटची! म्हणजे अख्खं मैदान पोर धावली, न थांबता, न खोकता, आणि बाप वडापावच्या रांगेत उभा होता. जयवंतला रडूच आलं. त्याने लेकीला सगळ्यांसमोर उचलून कडेवर घेतलं आणि पंप चालूच राहणार, असं स्वतःच जाहीर करून टाकलं. टाळ्या पडल्या.

टाळ्या ऐकून त्याच्यातला जुना स्पर्धक जागा झाला. मॅडमच्या कानाशी वाकून तो हळूच म्हणाला (माइक चालू होता), "मॅडम, पुढच्या वर्षी पहिली यायला डोस थोडा वाढवता येईल का?"

"पप्पा," कडेवरून श्रुतिका ओरडली, "चीटिंग नाही करायची!"